५० हर्ट्झ म्हणजे नक्की किती? ग्रिडची फ्रिक्वेन्सी, तिचे मोजमाप आणि तिची स्थिरता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिप्लोमा-इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, सोलर बसवणारे तंत्रज्ञ, सोसायटीचा जनरेटर सांभाळणारी मंडळी आणि घरी सर्किट बांधणारे हौशी लोक फ्रिक्वेन्सीबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. लहरीचा एक पूर्ण डोल म्हणजे एक आवर्तन; सेकंदाला किती आवर्तने होतात ती तिची फ्रिक्वेन्सी, आणि तिचे एकक हर्ट्झ. ग्रिड म्हणजे वीजकेंद्रे आणि लाइन यांचे जोडलेले जाळे. कोणत्याही डोलणाऱ्या लहरीची फ्रिक्वेन्सी मोजताना तेच प्रश्न पडतात, पण उदाहरण म्हणून मी भिंतीतल्या सॉकेटमध्ये येणारी लहर घेतली आहे. ती सगळ्यांच्या घरी आहे आणि तिच्या स्थिरतेवर सगळ्या देशाची वीज अवलंबून आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. २३० व्होल्ट थेट ऑसिलोस्कोपला (लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला) किंवा मायक्रोकंट्रोलरला कधीही जोडू नका. मध्ये ९ किंवा १२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर घाला. फ्रिक्वेन्सी त्याने बदलत नाही आणि जीव सुरक्षित राहतो.

ही ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी येते कुठून?

फिरणाऱ्या यंत्रांतून. चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक केंद्रातला दोन ध्रुवांचा जनरेटर मिनिटाला ३,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. चार ध्रुव असतील तर १,५०० फेऱ्यांतच ५० हर्ट्झ मिळतात. जलविद्युत केंद्रातले संच (टर्बाइन आणि जनरेटरची जोडी) त्याहून सावकाश फिरतात, त्यांना ध्रुव जास्त असतात. हिशेब सोपा आहे: मिनिटाचे फेरे गुणिले ध्रुवांची संख्या, भागिले १२०.

ग्रिडला जोडलेले हे सगळे संच एकमेकांशी विजेनेच बांधलेले असतात आणि एका लयीत फिरतात. म्हणून सॉकेटवर मोजलेली फ्रिक्वेन्सी म्हणजे देशभरातल्या हजारो टनांच्या फिरत्या लोखंडाचा वेग. वापर उत्पादनापेक्षा वाढला की तो वेग कमी होतो, वापर घटला की वाढतो. वीज या पातळीवर फारशी साठवता येत नाही, त्यामुळे मागणी-पुरवठ्याचा ताळमेळ क्षणोक्षणी याच एका आकड्यात उमटतो.

माझ्या मीटरवर ४९.९७ दिसते, थोड्या वेळाने ५०.०३. ग्रिडमध्ये बिघाड आहे का?

नाही. आपल्या ग्रिड कोडप्रमाणे फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राहायला हवी. त्या पट्ट्यात ती दिवसभर हलत असते आणि अधूनमधून थोडा वेळ बाहेरही जाते. नेमके ५०.०० वर खिळलेले ग्रिड जगात कुठेच नाही.

हा पट्टा किती अरुंद आहे ते समजायला १९९० च्या दशकाकडे पाहावे लागेल. तेव्हा देशात पाच वेगवेगळी प्रादेशिक ग्रिड होती. दक्षिणेत विजेची टंचाई, तिथली फ्रिक्वेन्सी ४८ च्या आसपास घसरायची. पूर्वेकडे मागणी कमी, तिथे ती ५१ च्या वर जायची. पश्चिमेतही टंचाईच्या वेळी हाल होते. वीज जास्त ओढणाऱ्याला त्या वेळच्या फ्रिक्वेन्सीनुसार दर लावायची पद्धत १ जुलै २००२ रोजी सर्वप्रथम पश्चिम विभागात, म्हणजे आपल्याकडे, सुरू झाली. कमी फ्रिक्वेन्सीत ओढलेली वीज महाग पडू लागली आणि सवयी बदलल्या. पुढे परवानगीचा पट्टा टप्प्याटप्प्याने आवळत २०१४ मध्ये आजच्या मर्यादेवर आला. यंत्रांइतकेच श्रेय मी या हिशेबाच्या पद्धतीला देतो.

फ्रिक्वेन्सी प्रत्यक्षात मोजतात कशी?

सर्वांत जुनी आणि आजही चालणारी पद्धत झिरो क्रॉसिंगची. लहर खालून वर जाताना शून्याला छेदते तो क्षण टिपायचा, पुढच्या आवर्तनात पुन्हा टिपायचा, मधल्या वेळाने १ ला भागायचे. मध्ये २० मिलिसेकंद गेले तर ५० हर्ट्झ.

ऐकायला सोपे आहे, पण अडचण आकड्यांत आहे. ५०.०० हर्ट्झचे आवर्तन २०.००० मिलिसेकंदांचे, ५०.०१ चे १९.९९६ मिलिसेकंदांचे. फरक फक्त ४ मायक्रोसेकंदांचा. आता २३० व्होल्टच्या लहरीचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते आणि शून्यापाशी ती मायक्रोसेकंदाला साधारण ०.१ व्होल्ट या वेगाने वर चढते. म्हणजे लहरीवर ०.४ व्होल्टचा नॉइज (नको असलेली विजेची कुरबुर) बसला, की शून्य ओलांडण्याचा क्षण ४ मायक्रोसेकंदांनी सरकतो. शेजारच्या घरातला मिक्सर किंवा स्वस्त एलईडी दिवा एवढा नॉइज सहज देतो. एकाच आवर्तनावर फ्रिक्वेन्सी काढली, तर ग्रिड शांत असतानाही तुमचा मीटर ०.०१ हर्ट्झने उड्या मारताना दिसेल, आणि त्या उड्या ग्रिडच्या नसतील.

उपाय असा, की एका आवर्तनाऐवजी सलग ५० आवर्तनांचा एकूण वेळ मोजायचा. सुरुवातीला आणि शेवटी तीच ४ मायक्रोसेकंदांची चूक राहते, पण ती आता एका सेकंदावर पसरते. परिणाम ०.०००२ हर्ट्झ. खर्च एकच: उत्तर मिळायला एक सेकंद थांबावे लागते.

एका सेकंदात किती आवर्तने झाली ते सरळ मोजले तर?

५० किंवा ५१ मिळतील, कारण मोजणी एकने इकडेतिकडे होणारच. एक हर्ट्झची चूक ग्रिडसाठी काही कामाची नाही. मेगाहर्ट्झमधल्या सिग्नलला ही पद्धत ठीक आहे. कमी फ्रिक्वेन्सीला उलट करायचे: ठरावीक आवर्तने धरायची आणि तेवढ्यात आपल्या क्लॉकचे टिकटिक किती झाले ते मोजायचे. १० मेगाहर्ट्झचा क्लॉक असेल तर एका सेकंदाच्या मोजणीत विभेदन (ओळखता येणारा सर्वांत लहान फरक) ५ मायक्रोहर्ट्झपर्यंत जाते. चांगले काउंटर आतून हेच करतात.

किती वेळाची सरासरी घ्यावी?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. कोणी तुम्हाला फ्रिक्वेन्सीचा आकडा दिला तर आधी विचारा, की तो किती वेळात मोजला. ते माहीत नसेल तर आकडा अर्धाच आहे.

आपल्याच ग्रिडमध्ये पाहा. वीज व्यवहाराचा हिशेब १५ मिनिटांच्या ब्लॉकमध्ये होतो, दिवसाचे असे ९६ ब्लॉक. मीटर त्या १५ मिनिटांची सरासरी नोंदवतो. या वेळात फ्रिक्वेन्सी आधी ४९.८५ ला जाऊन मग तितकाच वेळ ५०.१५ ला राहिली, तर नोंद ५०.०० ची होईल आणि सगळे आलबेल दिसेल. पैशांच्या हिशेबाला ते चालते. संचांना आपोआप कमी-जास्त करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेला मात्र काही सेकंदांच्या अंतराने ताजा आकडा लागतो. संरक्षण करणाऱ्या, धोका दिसताच लाइन तोडणाऱ्या रिलेला तर काही आवर्तनांतच निर्णय घ्यायचा असतो. तिघेही बरोबर मोजतात आणि तिघांचे आकडे वेगळे येतात.

म्हणून ‘स्थिर आहे का’ या प्रश्नालाही एक उत्तर नसते. साध्या क्वार्ट्झ क्रिस्टलचे (इलेक्ट्रॉनिक घड्याळाला ठोका देणाऱ्या स्फटिकाचे) उदाहरण घ्या. मिलिसेकंदांच्या सरासरीत त्यात नॉइज दिसतो, सेकंदांच्या सरासरीत तो छान स्थिर वाटतो आणि तासांच्या सरासरीत खोलीचे तापमान बदलल्यामुळे पुन्हा सरकताना दिसतो. नेहमीचे प्रमाण विचलन (वाचने सरासरीपासून किती विखुरली आहेत त्याचे माप) इथे फसवते, कारण सरकत्या सिग्नलचे जितके जास्त वाचन घ्याल तितके ते वाढत जाते. डेव्हिड ॲलन यांनी १९६६ मध्ये मांडलेली रीत अधिक प्रामाणिक आहे: ठरावीक कालावधीच्या सलग सरासऱ्या घ्यायच्या, शेजारच्या दोघींमधला फरक पाहायचा, त्या फरकांचा वर्ग करून सरासरी काढायची, निम्मे करून वर्गमूळ घ्यायचे, आणि मग कालावधी बदलत हेच करून आलेख काढायचा. कोणत्या कालावधीला सिग्नल सर्वांत स्थिर आहे ते त्या आलेखाच्या तळाशी दिसते. अणुघड्याळांसाठी आलेली ही रीत विद्यार्थ्यांनी घरच्या ग्रिड-नोंदींवर जरूर वापरून पाहावी. एका संध्याकाळच्या नोंदीतही पुष्कळ काही उलगडते.

आर्डुइनोवर मोजणी केली. फ्रिक्वेन्सी सतत ०.२ हर्ट्झने जास्त येते. प्रोग्रॅम चुकला का?

बहुधा प्रोग्रॅम ठीक आहे, क्लॉक कच्चा आहे. आर्डुइनो ऊनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या मुख्य चिपला क्वार्ट्झ क्रिस्टल नाही, सिरॅमिक रेझोनेटर असतो, आणि त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकते. ५० हर्ट्झचा अर्धा टक्का म्हणजे ०.२५ हर्ट्झ. तुमचा फरक त्यातच बसतो. चूक कायम एकाच दिशेला आणि जवळजवळ तेवढीच राहते का ते पाहा. तशी राहत असेल तर दोष क्लॉकचाच.

क्वार्ट्झ क्रिस्टल असलेला बोर्ड घ्या. त्याची दशलक्षात २० भागांची चूक ५० हर्ट्झवर फक्त ०.००१ हर्ट्झ होते. त्याहून चांगले हवे असेल तर जीपीएस मॉड्यूलमधून दर सेकंदाला मिळणारा पल्स घ्या आणि आपला क्लॉक त्याच्याशी पडताळत राहा. घरगुती कामासाठी यापलीकडे खर्च करण्याची गरज नाही.

ऑसिलोस्कोपवर एफएफटी लावून फ्रिक्वेन्सी वाचता येईल?

ढोबळ वाचता येईल. एफएफटी म्हणजे नोंदीतली लहर वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींत फोडून दाखवणारे गणित. एका सेकंदाची नोंद घेतली तर एफएफटीच्या रेषा १ हर्ट्झच्या अंतरावर पडतात. फ्रिक्वेन्सी ४९.९ असो वा ५०.१, शिखर ५० वरच दिसेल. शेजारच्या रेषांच्या उंचीवरून मधली जागा गणिताने काढता येते, तरीही त्या काळात फ्रिक्वेन्सी हलत असेल तर शिखर फाकते. स्कोपच्या पडद्यावरचा ‘फ्रिक्वेन्सी’ आकडाही सहसा पडद्यावर दिसणाऱ्या चार-पाच आवर्तनांवरूनच काढलेला असतो. लहरीचा आकार पाहायला स्कोप उत्तम. ५० हर्ट्झचा तिसरा दशांश वाचायला काउंटरच हवा.

हार्मोनिक्समुळे फ्रिक्वेन्सी बदलते का?

मूळ फ्रिक्वेन्सी बदलत नाही. संगणक, एलईडी दिवे, मोटारींचे ड्राइव्ह ही साधने विजेचा प्रवाह तुकड्यातुकड्यांनी ओढतात, त्यामुळे १५०, २५०, ३५० हर्ट्झचे, म्हणजे ५० च्या पटीतले घटक (हार्मोनिक्स) मिसळतात आणि लहरीचा आकार बिघडतो. मोजमाप मात्र बिघडू शकते. आकार फारच वेडावाकडा झाला, विशेषतः जनरेटरवर, तर लहर एका आवर्तनात शून्याला दोनाऐवजी चार वेळा छेदते आणि साधा मीटर १०० हर्ट्झ दाखवतो. मोजण्याआधी एक साधा लो-पास फिल्टर (जास्त फ्रिक्वेन्सी अडवणारा) आणि शून्याभोवती थोडी मृतपट्टी (जिच्यातले छेद मोजायचे नाहीत) ठेवली की प्रश्न मिटतो. फिल्टरमुळे लहर थोडी उशिरा पोचते, पण तो उशीर प्रत्येक आवर्तनाला सारखाच असल्याने फ्रिक्वेन्सीच्या आकड्याला बाधा येत नाही.

पीएमयू म्हणजे काय? तो साध्या मीटरहून वेगळा कसा?

पीएमयू म्हणजे फेजर मेजरमेंट युनिट. साधा मीटर लहर किती वेगाने डोलते ते सांगतो. पीएमयू त्याबरोबरच ती या क्षणी आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, म्हणजे तिचा कोन, तेही सांगतो, आणि प्रत्येक वाचनावर जीपीएसच्या वेळेचा शिक्का मारतो. सेकंदाला २५ किंवा ५० वाचने. सोलापूर आणि दिल्लीतले कोन एकाच क्षणी ताडून पाहता येतात ते त्यामुळेच. वेळेचा शिक्का किती अचूक हवा? ५० हर्ट्झला एक अंशाचा कोन म्हणजे ५५ मायक्रोसेकंद. वेळ तेवढ्याने चुकली तर कोन एका अंशाने चुकला. म्हणून मायक्रोसेकंदाची शिस्त लागते.

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमध्ये अरुण फडके आणि त्यांचे सहकारी जेम्स थॉर्प यांनी हे यंत्र घडवले. ग्वाल्हेरला जन्मलेल्या, खरगपूरच्या आयआयटीत शिकलेल्या फडक्यांचे नाव आज जगभरच्या कंट्रोल रूममध्ये आदराने घेतले जाते. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ते त्याहून जास्त ऐकू यायला हवे.

देशभर फ्रिक्वेन्सी एकच असते का?

आज, शांत परिस्थितीत, हो. व्होल्टेज मात्र गावागणिक वेगळा असतो.

ही एकी नवी आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ केव्ही लाइनने दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी जुळले आणि देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. त्याआधी दक्षिण आणि पश्चिमेमध्ये विजेची देवाणघेवाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी विजेच्या) केंद्रातून व्हायची. तिथे एका बाजूची एसी डीसीमध्ये बदलते आणि पुन्हा एसी होऊन पलीकडे जाते. दोन्हीकडची फ्रिक्वेन्सी वेगळी असली तरी चालते.

एखादी लाइन किंवा संच अचानक सुटला तर पहिले काही सेकंद ठिकठिकाणची फ्रिक्वेन्सी थोडी वेगळी असते. देशाच्या एका टोकाचे संच दुसऱ्या टोकाच्या संचांविरुद्ध हेलकावे खातात. असा एक हेलकावा पूर्ण व्हायला एक ते दहा सेकंद लागतात. तो आपोआप विरला तर ठीक. वाढत गेला तर लाइन ट्रिप होऊ, म्हणजे आपोआप सुटू लागतात. १५ मिनिटांच्या नोंदीत यातले काहीही दिसत नाही, पीएमयूत स्पष्ट दिसते.

मोठा संच अचानक बंद पडला तर फ्रिक्वेन्सीचे काय होते?

पहिल्या क्षणी काहीच हातात नसते. तुटीची ऊर्जा फिरत्या यंत्रांच्या गतीतून निघते. जात्याचा खुंटा सोडला तरी ते चार फेरे घेतेच, तसे हे जड रोटर वेळ मिळवून देतात. याला इनर्शिया म्हणतात. समजा ग्रिडवर २ लाख मेगावॉटचे संच फिरत आहेत, त्यांच्या रोटरमधली ऊर्जा पूर्ण क्षमतेने चार सेकंद पुरेल इतकी आहे आणि २,००० मेगावॉट गेले. फ्रिक्वेन्सी सेकंदाला सुमारे ०.०६ हर्ट्झने घसरू लागेल. इनर्शिया निम्मी असेल तर दुप्पट वेगाने.

काही सेकंदांत गव्हर्नर, म्हणजे टर्बाइनचा वेग सांभाळणारे नियंत्रक, जागे होतात. ५ टक्के ड्रूपचा (फ्रिक्वेन्सी ५ टक्के पडली तर उत्पादन पूर्ण क्षमतेइतके बदलणारा) गव्हर्नर असेल तर फ्रिक्वेन्सी ०.१ हर्ट्झने पडल्यावर संचाने क्षमतेच्या ४ टक्के उत्पादन वाढवायचे असते: ५०० मेगावॉटच्या संचाने २० मेगावॉट. थोडे थोडे सगळ्यांनी दिले की घसरण थांबते. फ्रिक्वेन्सी मात्र मूळ जागी येत नाही, जरा खाली स्थिरावते. तिला परत ५० वर आणण्याचे काम काही मिनिटांत केंद्रीय नियंत्रणातून आणि राखीव संचांतून होते. कोयनेसारखे जलविद्युत केंद्र इथे सोन्याच्या मोलाचे, कारण त्याचे उत्पादन मिनिटांत वर-खाली करता येते. औष्णिक संचाला तेवढ्यासाठी कितीतरी जास्त वेळ लागतो. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प तर गरज संपल्यावर पाणी पुन्हा वरही चढवतो.

एवढे करूनही घसरण चालूच राहिली तर शेवटचा उपाय म्हणून ठरावीक फ्रिक्वेन्सीला फीडर (एकेका भागाला वीज पुरवणाऱ्या लाइन) आपोआप तोडले जातात. ते टप्पे ४९.४ हर्ट्झपासून सुरू होतात. काही भागांत अंधार होतो, बाकीचे ग्रिड वाचते. टर्बाइनची लांब पाती ठरावीक वेगासाठीच बनवलेली असतात. ४७.५ च्या खाली ती थरथरून तुटण्याचा धोका असतो, म्हणून तिथवर पोचण्याआधी संच स्वतःला वाचवण्यासाठी सुटतात.

छोट्या ग्रिडमध्ये हे सगळे फार झपाट्याने घडते. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई मुख्य ग्रिडपासून तुटली तेव्हा शहराचे स्वतंत्र बेट (मुख्य ग्रिडविना चालणारे छोटे ग्रिड) टिकू शकले नाही. आत उत्पादन कमी आणि मागणी जास्त असली की सावरायला सेकंदच मिळतात.

२०१२ चा मोठा ब्लॅकआउट फ्रिक्वेन्सी पडल्यामुळे झाला ना?

हा गैरसमज फार पसरला आहे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे २:३३ ला उत्तर ग्रिड कोसळले, त्याआधी फ्रिक्वेन्सी ४९.६८ होती. ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमाराला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रिड गेली, त्याआधी ती ४९.८४ होती. त्या काळच्या मानाने दोन्ही आकडे नेहमीचेच. खरा ताण पश्चिमेकडून उत्तरेकडे वीज नेणाऱ्या मोजक्या लाइनवर होता. बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्ही लाइन सुटली, दोन बाजूंचे कोन फाकले आणि ग्रिड तुटत गेले. फ्रिक्वेन्सी नंतर कोसळली. पश्चिम विभाग वाचला. उत्तरेला जाणारी वीज अडल्यामुळे ३१ तारखेला इथली फ्रिक्वेन्सी उलट ५१ च्या वर गेली.

फ्रिक्वेन्सी एकूण ताळमेळ सांगते, वीज कोणत्या रस्त्याने जाते आहे ते सांगत नाही. त्यासाठी कोन मोजावे लागतात.

५ एप्रिल २०२० ला सगळ्यांनी दिवे बंद केले तेव्हा काय झाले?

रात्री ९ वाजता नऊ मिनिटांसाठी दिवे मालवायचे होते. देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली, अंदाजाच्या दुपटीहून जास्त, आणि लगेच परत चढली. त्या काळात फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झच्या मध्ये राहिली. परवानगीच्या पट्ट्याबाहेर गेली, पण धोक्याच्या जवळपासही नाही. सर्वांत मोठे ओझे जलविद्युत केंद्रांनी पेलले: उत्पादन झपाट्याने खाली आणले आणि दिवे लागताच पुन्हा वर नेले. लोड डिस्पॅच सेंटरमधल्या (ग्रिडचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रांतल्या) माणसांनी त्या रात्री केलेले काम मला आजही थक्क करते.

सोलर वाढल्यामुळे फ्रिक्वेन्सी अस्थिर होईल का?

सोलर पॅनेलमध्ये फिरणारे काही नाही, म्हणून इनर्शिया नाही. सोलरचा वाटा वाढेल तशी घसरण अधिक वेगाने होईल, हे खरे. बॅटऱ्या सेकंदाच्या अंशात वीज देऊ शकतात, त्यामुळे उपाय हातात आहे. मला जास्त काळजी मोजमापाची वाटते, आणि त्याला कारण आहे.

१६ ऑगस्ट २०१६ रोजी कॅलिफोर्नियात ब्लू कट नावाच्या वणव्यामुळे लाइनवर दोष निर्माण झाले. तिथे ग्रिड ६० हर्ट्झचे. काही क्षणांत सुमारे १,२०० मेगावॉटचे सोलर बंद पडले. त्यातल्या ७०० मेगावॉटच्या आसपास इन्व्हर्टरना (पॅनेलची डीसी एसीमध्ये बदलणाऱ्या यंत्रांना) फ्रिक्वेन्सी ५७ च्या खाली गेल्याचे ‘दिसले’ होते. प्रत्यक्षात ग्रिडची फ्रिक्वेन्सी तिथवर गेलीच नव्हती. दोषाच्या क्षणी लहर एकदम पुढे-मागे सरकली, इन्व्हर्टरने तेवढ्याशा तुकड्यावरून फ्रिक्वेन्सी काढली आणि लगेच स्वतःला तोडले. दुरुस्तीही तितकीच सरळ होती: ट्रिप होण्याआधी थोडे थांबा, जास्त वेळ मोजा. एखाद-दुसऱ्या आवर्तनावरून फ्रिक्वेन्सी ठरवली, की प्रयोगशाळेत आकडा उडतो. ग्रिडवर तेच केल्याने शेकडो मेगावॉट गेले.

संध्याकाळी आमच्याकडे दिवे मंद होतात, पंप पाणी कमी देतो. फ्रिक्वेन्सी कमी असते का?

नाही, तो व्होल्टेजचा प्रश्न आहे. लांब पसरलेली लाइन, ओव्हरलोड झालेला ट्रान्सफॉर्मर, सैल जोड ही कारणे शोधा. फ्रिक्वेन्सी १ टक्क्याने घसरली तरी पंपाचा वेग १ टक्क्याच्या आसपासच कमी होतो, आणि आज ती एवढीही घसरत नाही. तक्रार नोंदवताना व्होल्टेजचे वाचन वेळेसह लिहून द्या.

सोसायटीचा जनरेटर चालू असताना यूपीएस बॅटरीवरच राहतो. का?

मेकॅनिकल गव्हर्नरचा डिझेल जनरेटर रिकामा असताना ५२ हर्ट्झच्या आसपास ठेवतात, म्हणजे पूर्ण लोडवर तो ५० ला येतो. लिफ्ट सुरू झाली की तो खाली बसतो आणि पुन्हा उसळतो. यूपीएसला फ्रिक्वेन्सीची मर्यादा असतेच, शिवाय ती किती वेगाने बदलते यालाही मर्यादा असते. बऱ्याच यूपीएसमध्ये ती सेकंदाला १ हर्ट्झच्या आसपास ठेवलेली असते. ती ओलांडली की यूपीएस इनपुट नाकारतो. आधी जनरेटरचा गव्हर्नर आणि डिझेल फिल्टर तपासून घ्या, जमल्यास इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर बसवा. यूपीएसच्या मर्यादा सैल करणे हा शेवटचा मार्ग.

फ्रिक्वेन्सीमुळे घड्याळ पुढे-मागे होते का?

बॅटरीवरचे क्वार्ट्झ घड्याळ आणि मोबाइल यांचा ग्रिडशी संबंध नाही. लाइनच्या आवर्तनांवर चालणाऱ्या घड्याळाचा आहे: सरासरी ०.०१ हर्ट्झने कमी राहिली तर दिवसाला १७ सेकंद मागे. २०१८ च्या सुरुवातीला कोसोवो आणि सर्बियातल्या तुटीमुळे युरोपच्या ग्रिडची सरासरी ४९.९९६ पर्यंत उतरली आणि मार्चच्या आरंभापर्यंत ओव्हनवरची घड्याळे सुमारे सहा मिनिटे मागे पडली. हजारांश हर्ट्झचा फरक एका मिनिटात कोणालाही दिसला नसता. तो दिसायला काही आठवड्यांची बेरीज लागली.

माझा रूफटॉप इन्व्हर्टर दुपारी ‘ग्रिड फ्रिक्वेन्सी’चा एरर देऊन बंद पडतो. कोणाकडे जाऊ?

आधी इन्व्हर्टरचा लॉग काढा आणि एररची वेळ सेकंदापर्यंत लिहून घ्या. त्या वेळी शेजारच्या, वेगळ्या कंपनीच्या इन्व्हर्टरलाही तोच एरर आला का ते विचारा. फ्रिक्वेन्सी सगळ्या परिसरात एकच असते. ती खरोखर बिघडली असती तर सगळेच एकदम सुटले असते. फक्त तुमचाच सुटत असेल तर दोन शक्यता मोठ्या आहेत. एक, सैल न्यूट्रल किंवा जळालेला जोड, ज्यामुळे लहर क्षणभर तुटते आणि इन्व्हर्टर ती फ्रिक्वेन्सीची चूक समजतो. लॉगमध्ये त्याच सुमाराला व्होल्टेजचेही एरर दिसतील. दुसरी, बसवताना दुसऱ्याच देशाची सेटिंग निवडली गेली असेल आणि तिच्यातली मर्यादा आपल्या ग्रिडशी जुळत नसेल. पहिल्यासाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा आणि मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंतचा प्रत्येक जोड आवळून घ्या. दुसऱ्यासाठी ज्यांनी सिस्टिम बसवली त्यांच्याकडून सेटिंगची छापील प्रत मागा. मर्यादा स्वतः बदलू नका: लाइन बंद असताना इन्व्हर्टर सुटला नाही तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतते.